न बोलण्याचे दुखणे

आपल्याकडे डोके दुखले तर माणूस चारचौघांत सांगतो, गुडघा धरला तर ओटीवर बसून सांगतो, दम लागत असला तर एस. टी. त शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशालाही सांगतो. पण शौचाच्या वेळी रक्त पडले, तर ते तो घरच्या माणसांनाही सांगत नाही; आणि घरातली बाई असेल, तर ती कोणालाच सांगत नाही. शरीराच्या ज्या भागाचे नाव घ्यायला संकोच, त्या भागाचे दुखणेही संकोचाच्या आडोशाला वाढत राहते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हे असेच एक न बोलण्याचे दुखणे आहे. आज त्याविषयी उघड बोलावे असे मी ठरवले आहे.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. परंतु अमुक उपचाराने गुण येतो हे माणसाला कळते तरी कसे, हा प्रश्न माझ्या विषयाच्या अंगणातला आहे. या रोगावरच्या उपचारांचे संशोधन गेली शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ते पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जीव वाचवण्यासाठी रोग्याला जी किंमत मोजावी लागे, ती उतरवत आणण्यासाठी हे सारे श्रम झाले आहेत. पण ही उतरलेली किंमत ज्याला भरायची आहे, त्याने वेळेवर तोंड उघडले तरच तिचा उपयोग.

आधी रोगाची थोडी ओळख करून घेऊ. आपण खाल्लेले अन्न लहान आतड्यात पचते आणि उरलेला चोथा मोठ्या आतड्यात येतो. हे आतडे सुमारे दीड मीटर लांब. त्याचा शेवटचा, वीतभराहून थोडा कमी असा भाग म्हणजे गुदाशय. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मोडासारखी बारीक वाढ होते. डॉक्टर तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र हळूहळू कर्करोगात रूपांतर होते, आणि त्याला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. पुढे तो रोग आतड्याची भिंत पोखरतो, मग जवळच्या रसग्रंथींत जातो, आणि मग यकृतात किंवा फुप्फुसात. रोग असा पायरीपायरीने चढतो, ही त्यातल्या त्यात निसर्गाची दयाच म्हटली पाहिजे. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की रोग आतड्यापुरता असताना सापडला तर शंभरांतले सुमारे ९० रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो दूरच्या अवयवांत पोचल्यावर सापडला, तर १५ च्या आसपास. रोग तोच, फरक पडतो तो वेळेचा.

आता उपचाराचा गुण कसा कळतो, हे पाहू. त्यासाठी लंडन-न्यूयॉर्कला जायला नको. आपले महाड पुरे आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी पोरेबाळे दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना त्यांनी या रोग्यांच्या उशाशी बसून काय घडते ते तासातासाला टिपून ठेवले. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले, आणि मरणारांची संख्या झपाट्याने उतरली. पुढे विंचवाच्या विषावरची लस निघाली. ती प्राझोसिनबरोबर द्यावी की प्राझोसिन एकटेच पुरे, असा प्रश्न आला. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला ७० रोग्यांचे दोन गट केले. कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही, ते दैवगतीवर सोपवले. ज्या ३५ जणांना दोन्ही औषधे मिळाली त्यांतले ३२ दहा तासांत पूर्ण बरे झाले. ज्या ३५ जणांना एकटे प्राझोसिन मिळाले त्यांतले ८. हा निबंध २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

दैवगतीवर कशाला सोपवायचे, असे तुम्ही विचाराल. कारण डॉक्टरही माणूसच. नवे औषध तो नकळत धडधाकट रोग्याला देईल आणि गुण आला की औषधाची वाहवा करील. चिठ्ठी टाकून गट पाडले म्हणजे धडधाकट आणि अशक्त, तरुण आणि म्हातारे दोन्हीकडे सारखे वाटले जातात; मग जो फरक उरतो तो औषधाचा. तर्कशास्त्रात हे आम्ही फळ्यावर लिहून दाखवतो. महाडला ते माणसांच्या जिवावर लिहिले गेले.

हीच दृष्टी घेऊन आता आतड्याच्या रोगाकडे वळू. गेल्या शतकाच्या आरंभी लंडनला अर्नेस्ट माइल्स नावाचे शल्यचिकित्सक होते. गुदाशयाची गाठ ते खालच्या बाजूने काढीत. त्यांनी आपल्याच ५७ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा ५४ जणांत रोग उलटलेला आढळला. आपल्या हाताचे अपयश असे मोजून जगापुढे ठेवणे सोपे नसते. मेलेल्या रोग्यांची शवे तपासून त्यांनी रोग कोणत्या वाटांनी वर चढतो ते शोधले आणि १९०८ साली नवी शस्त्रक्रिया मांडली : पोटाकडून आणि खालून, दोन्ही बाजूंनी जाऊन गुदाशय, गुदद्वार आणि आसपासचा भाग सगळाच काढून टाकायचा. रोग उलटण्याचे प्रमाण घटले. पण किंमत जबर. मलाचा मार्ग कायमचा पोटावर आला, आणि सुरुवातीला तर शस्त्रक्रियेतच कितीतरी रोगी दगावत. तरीही पुढची कित्येक दशके ही रीत प्रमाण मानली गेली.

१९३२ साली लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवून दिल्या : भिंतीच्या आत, भिंतीच्या बाहेर, रसग्रंथींत. रोग कोणत्या पायरीवर आहे हे कळल्याशिवाय दोन रोग्यांची तुलनाच करता येत नाही. आज डॉक्टर तुम्हाला 'दुसरी स्टेज', 'तिसरी स्टेज' असे सांगतात, त्याचे मूळ अशा कामात आहे.

१९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावच्या बिल हील्ड यांनी एक बारकावा दाखवून दिला. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते आणि रसग्रंथी त्यातच असतात. पूर्वी शल्यचिकित्सक आत हात घालून गुदाशय ओढून सोडवीत. त्यात वेष्टन फाटे आणि रोगाचे कण मागे राहत. हील्ड म्हणाले, डोळ्यांनी नीट पाहत, कडेकडेने, वेष्टन अखंड ठेवून सोडवा. फणस फोडताना जाणते माणूस गरा न फाटता सोडवते, तसे. जुन्या पद्धतीत शंभरांत वीस-तीस जणांना त्याच जागी रोग पुन्हा होई; हील्ड यांच्या रोग्यांत ते प्रमाण पाचाच्याही खाली आले. शिवाय कितीतरी जणांचे गुदद्वार वाचले. इथे नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते; होती ती हाताची शिस्त. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांनी १९९० च्या दशकात आपल्या शल्यचिकित्सकांना हे तंत्र शिकवायला घेतले. आज मुंबईतही ते शिकवले जाते.

औषधांची कथाही अशीच. १९५७ साली अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे औषध तयार केले. पेशीला वाढण्यासाठी जे द्रव्य लागते, त्यासारखे दिसणारे पण निरुपयोगी द्रव्य तिला भरवायचे, ही त्यातली युक्ती. आज इतक्या वर्षांनीही ते या रोगावरचे मुख्य औषध आहे. १९९० साली असे सिद्ध झाले, की तिसऱ्या पायरीच्या रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर हे औषध आणि जोडीला लेव्हॅमिसोल दिले तर मृत्यूंचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटते. हे लेव्हॅमिसोल म्हणजे गुराढोरांच्या पोटातल्या जंतांवरचे औषध! पण पुढच्या प्रयोगांत दिसले, की गुण होता तो पहिल्या औषधाचा. जंताचे औषध त्याच्या पाठीवर बसून गावभर मिरवत होते. ते वगळले गेले. संशोधनाचे मोठेपण मला यात दिसते : आपणच दिलेली शाबासकी ते पुराव्यानिशी परत घेते.

२००४ साली या औषधाच्या जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन आले आणि गुण वाढला. पण त्याने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि काहींचा तो कायमचा राहतो. भाताची रोपे लावणाऱ्या बाईची बोटे बधिर झाली, तर रोग गेला तरी तिची रोजी गेली, नाही का? म्हणून बारा देशांतल्या डॉक्टरांनी १२,८३४ रोग्यांवर विचारले : सहा महिने हे औषध द्यायलाच हवे काय, की तीन पुरतील? २०१८ साली उत्तर आले. तिसऱ्या पायरीतल्या कमी धोक्याच्या रोग्यांना, विशेषतः त्यातल्या एका औषध-जोडीने, तीन महिने जवळजवळ तितकेच पुरतात, आणि जाणवण्याजोग्या बधिरपणाचे प्रमाण शंभरांत पंचेचाळीसवरून पंधराच्या आसपास येते. धोका अधिक असेल तर सहाच महिने बरे. औषध कमी करण्यासाठी एवढा मोठा प्रयोग करणे कोणत्या कारखानदाराला परवडेल? हे काम सार्वजनिक पैशाने आणि रोग्यांच्या संमतीनेच होऊ शकते.

याच्याही पुढे एक पाऊल ब्राझीलमध्ये पडले होते. साओ पाउलोच्या डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा यांनी पाहिले, की शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या किरणोपचाराने आणि औषधाने काही रोग्यांच्या गुदाशयातली गाठ पूर्ण विरघळते. मग कापायचे कशाला? त्यांनी अशा रोग्यांची शस्त्रक्रिया थांबवली आणि त्यांना डोळ्यांत तेल घालून तपासत राहिल्या. २००४ साली त्यांनी २६५ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांतल्या ७१ जणांची गाठ दिसेनाशी झाली होती. आरंभी त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. आज जगभर निवडक रोग्यांसाठी ही रीत स्वीकारली गेली आहे. मात्र एक ध्यानात ठेवा : नंतरच्या मोठ्या नोंदींत अशा चारांपैकी सुमारे एका रोग्यात दोन वर्षांत गाठ पुन्हा उगवली. म्हणून जो नेमाने तपासणीला येईल त्यालाच ही वाट. "बरं वाटतंय, आता कशाला मुंबईला जायचं," असे म्हणणाऱ्यासाठी ती नाही.

२०२२ साली न्यूयॉर्कहून आणखी एक वार्ता आली. पेशीतले विशिष्ट दुरुस्ती-यंत्र बिघडलेल्या १२ रोग्यांना डोस्टार्लिमॅब हे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध दिले, आणि बाराही जणांची गाठ शस्त्रक्रियेविना, किरणांविना नाहीशी झाली. वर्तमानपत्रांनी 'कर्करोगावर रामबाण' असे मथळे दिले. पण गुदाशयाच्या कर्करोगात हा बिघाड शंभरांतल्या पाच-दहांनाच असतो. तेव्हा मथळा वाचून हुरळू नये, आणि तो सगळा खोटा असेही समजू नये. आपल्या गाठीत तो बिघाड आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. गाठीचा तुकडा तपासायला जातो, त्यावरूनच ते कळू शकते.

२०२५ साली आलेले दोन निष्कर्ष आपल्यासारख्या साध्या माणसांच्या आवाक्यातले आहेत. पहिला व्यायामाचा. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ८८९ रोग्यांचे, शस्त्रक्रिया आणि औषधे पूर्ण झाल्यावर, चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाला आरोग्याची पुस्तिका दिली. दुसऱ्याला पुस्तिका आणि तीन वर्षे देखरेखीखाली नेमाने व्यायाम, तोही मुख्यतः झपझप चालण्यासारखा. आठ वर्षांनी पहिल्या गटात शंभरांतले ८३ जिवंत होते, दुसऱ्यात ९०. दुसरा निष्कर्ष स्वीडन आणि शेजारच्या देशांतला, ॲस्पिरिनचा. ज्यांच्या गाठीत ठरावीक जनुकीय बदल होता, त्यांना रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षे दिल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. मात्र ॲस्पिरिनने रक्तस्राव होतो. दुकानातून आणून आपल्या मनाने घेऊ नका. ॲस्पिरिनचाच आणखी एक मोठा प्रयोग ब्रिटन, आयर्लंड आणि भारत यांनी मिळून हाती घेतला, आणि भारताच्या वाट्याचे काम मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे आले.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आहे. त्याचेच संशोधन केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी. पण टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ८०० रोग्यांच्या नोंदी तपासून २०१७ साली जे छापले, ते विचार करायला लावणारे आहे. त्या रोग्यांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा रोग समजतात. आपल्याकडे रुग्णालयात येणारा माणूस अनेकदा घर चालवणारा, पोरे शाळेत असलेला असतो.

आणि इथेच शंभर वर्षांचे संशोधन आपल्या उंबऱ्याशी येऊन थांबते. रक्त दिसले की आपले निदान तयार असते : "मूळव्याध असेल. उष्णता झाली असेल. तिखट सोड, ताक पी, सुरण खा." मग कोणीतरी मूळव्याधीवरचे हमखास औषध देणाऱ्याचा पत्ता देतो. तोवर आवणाचे दिवस येतात. लावणी उरकू दे म्हणतात. मग गणपती येतात. चाकरमानी येऊन जाऊ देत म्हणतात. मग भात कापणी. असे करता करता शिमगा येतो. जो रोग भिंतीच्या आत होता तो या मुदतीत भिंतीबाहेर जाऊ शकतो. आणि मग जिथे शस्त्रक्रियाच पुरली असती तिथे केमो, किरणे, पोटावरची पिशवी, आणि तरीही उद्याची खात्री नाही.

यातला तर्कदोष उघड आहे. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते, हे खरे, आणि त्यात घाबरण्याचे कारण नाही. पण 'बहुतेकांना मूळव्याध असते' यावरून 'मलाही तीच आहे' असे ठरत नाही. इतकेच काय, 'मला मूळव्याध आहे' यावरूनही 'मला दुसरे काही नाही' असे ठरत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. हे तपासल्याशिवाय कळायचे नाही. आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होते. आतड्याची होत नाही. म्हणजे घरी येऊन कोणी विचारणार नाही. आपणच जाऊन सांगितले पाहिजे.

काय सांगायचे? शौचावाटे रक्त जाते. काही आठवड्यांपासून शौचाची सवय बदलली आहे. जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. वजन उतरते आहे. किंवा पुरुषाच्या अथवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगात कारण नसताना रक्त कमी भरते आहे. यातले काहीही दोन-तीन आठवडे टिकले, तर महाड-पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गुदाशयातल्या पुष्कळ गाठी डॉक्टरांच्या नुसत्या बोटाला लागतात. तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. डॉक्टरांनी नुसतेच औषध लिहून दिले तर नम्रपणे विचारा : "डॉक्टरसाहेब, बोटाने तपासून घेता का? दुर्बिणीची गरज आहे का?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

पुढे मोठ्या रुग्णालयात कोणी विचारील, "आमच्या एका अभ्यासात भाग घ्याल का?" आपले लोक लगेच म्हणतात, "आमच्यावर प्रयोग करतात!" अशा वेळी कागद नीट वाचून घ्या, न कळेल ते आपल्या भाषेत समजावून मागा, आणि घरी विचार करायला वेळ मागा. संमती दिल्याशिवाय तुम्हाला अभ्यासात घेता येत नाही. दिलेली संमती केव्हाही परत घेता येते, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. ज्या गटाला नवे औषध मिळत नाही त्यालाही आजचा मान्य उपचार मिळालाच पाहिजे. 'नाही' म्हणायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. पण 'हो' म्हणणाऱ्या बारा-तेरा हजार अनोळखी माणसांमुळेच आज आपल्यातल्या एखादीची बोटे रोप धरण्याइतकी शाबूत राहू शकतात, हेही विसरू नका.

घरातल्या कर्त्या माणसांना शेवटी एक विनंती. कोणी दबकत "मला जरा त्रास होतोय" असे म्हणाले, तर हसू नका, आणि आजीच्या बटव्यातले औषध ताबडतोब काढू नका. सासूबाई असोत, दीर असो, नाहीतर कॉलेजात जाणारा मुलगा असो, त्यांना एवढेच विचारा : "किती दिवस झाले?" आणि उत्तर काहीही येवो, उद्याची सकाळ डॉक्टरांसाठी मोकळी ठेवा.